मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

हैदराबाद शहरात १७ ऑगस्ट १९०९ रोजी जन्मलेले सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी शहरातील शाळांमधून अध्यापन केले. विद्यापीठाच्या संघातून आणि स्थानिक क्लबांतून ते फुटबॉलही खेळत. परंतु खेळाडू म्हणून त्यांचे नाव हैदराबादबाहेर फारसे गेले नाही. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि वर्ग व मैदान या दोन्ही ठिकाणी ते शिकवू लागले. भारतीय फुटबॉलचा जो काळ आज सुवर्णकाळ म्हणून ओळखला जातो, तो घडवण्यात या शाळामास्तराचा वाटा सर्वांत मोठा होता.

१९४३ साली रहीम हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची धुराही त्यांच्याकडे आली. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. कलकत्त्याच्या नामांकित संघांना दक्षिणेतील पोलीस शिपायांचा संघ पुन्हा पुन्हा मागे टाकतो, याचे त्या काळी मोठे नवल वाटत असे.

त्यामागे काटेकोर अध्यापन होते. आपल्याकडील खेळाडूंना चेंडू पायाशी खेळवत नेण्याचा मोह फार, हे रहीम यांनी हेरले होते. म्हणून त्यांनी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू मिळताच तो एका स्पर्शात साथीदाराकडे द्यायचा, हा धडा त्यातून गिरवला जाई. केवळ दुबळ्या पायाने खेळण्याच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्याच पायाने चेंडू मारायचा, असा तेथे दंडक असे. विद्यार्थ्याचा कच्चा विषय ओळखून त्याचाच सराव अधिक करून घेणाऱ्या शिक्षकाची ही रीत होती.

गुणी पण गरीब मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम या मुलाला सरावासाठी हैदराबादला येण्याचा खर्च परवडत नव्हता. रहीम यांनी त्याच्या सायकलच्या भाड्याची सोय केली. हाच मुलगा पुढे भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंमध्ये गणला गेला.

राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आल्यावर रहीम यांना पहिले यश लवकर लाभले. १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळत होते. अशा पराभवानंतर एखादा प्रशिक्षक थंडीला, मैदानाला किंवा नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. रहीम यांनी तो पराभव उत्तरपत्रिकेसारखा तपासला. त्यानंतर भारतीय संघाला बूट सक्तीचे झाले, आणि रहीम यांनी खेळाच्या रचनेलाच हात घातला. दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीपटू ही जुनी मांडणी जलद युरोपीय संघांसमोर उघडी पडत होती. रहीम हळूहळू चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू अशा मांडणीकडे वळले. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने ही रचना जगभर लोकप्रिय केली. भारतात तिचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते.

या अभ्यासाचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेले नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. त्या फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. उत्तरार्धात डिसूझा यांनी भारताला आघाडीही मिळवून दिली. अखेर सामना १-४ असा हातचा गेला आणि भारत चौथ्या स्थानावर राहिला. तरीही चार वर्षांपूर्वीच्या दहा गोलांचे ओझे त्या दिवशी बरेच हलके झाले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. त्या चमूत रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचाही समावेश होता. ते एकाही सामन्यात मैदानात उतरले नाहीत. प्रशिक्षकाचा मुलगा राखीव खेळाडूंतच राहिला.

१९६२ साली जकार्ता येथे चौथी आशियाई क्रीडास्पर्धा भरली, तेव्हा रहीम यांचे शरीर कर्करोगाने पोखरले होते. संघात बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार होते. प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, पंजाबचे जर्नेलसिंग, हैदराबादचे युसूफ खान, गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको असे देशाच्या कानाकोपऱ्यांतले खेळाडू होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलांचा एकजीव संघ बांधणे ही रहीम यांची खरी कसोटी होती.

सुरुवात निराशेची झाली. दक्षिण कोरियाने पहिलाच सामना २-० असा जिंकला. पुढे भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. पण थायलंडविरुद्ध भरवशाचा बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला जबर दुखापत होऊन जायबंदी झाला. जखमेवर टाके पडले. बचावफळीत उंच चेंडू डोक्याने परतवत राहणे त्याला आता अवघड होते. रहीम यांनी त्याला संघाबाहेर ठेवले नाही, त्याची जागा बदलली. महाविद्यालयीन दिवसांत जर्नेल आघाडीवर खेळत असे, हे मास्तरांच्या ध्यानात होते. उपांत्य सामन्यात तो आघाडीपटू म्हणून उतरला आणि त्याने गोलही केला. दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे नमवून भारत अंतिम फेरीत पोहोचला.

मैदानाबाहेरचे वातावरण याहून कठीण होते. इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायल यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघातील भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतल्यामुळे स्थानिक लोक भारतावर संतापले होते. प्रेक्षक भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवीत. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी आपल्या शिष्यांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, ही आठवण त्या संघातील खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

४ सप्टेंबर १९६२ रोजी समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. आजारातून नुकता उठलेला पीटर थंगराज गोलरक्षक म्हणून उभा राहिला आणि डोक्याला टाके असलेला जर्नेल आघाडीवर खेळला. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण भारताने २-१ असा विजय मिळवला. ज्या संघाकडून स्पर्धेच्या आरंभी हार पत्करली, त्यालाच अखेरच्या दिवशी हरवून गुरूला मागितलेली भेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर रहीम यांनी अंथरूण धरले. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा कधीही मिळालेले नाही. एका माणसाने पुष्कळ काही उभे केले, परंतु त्याची पद्धत पुढे नेणारी भक्कम व्यवस्था त्याच्यामागे उभी राहिली नाही, ही या चरित्रातील सल आहे. त्यांचे नावही अनेक वर्षे विस्मृतीत गेले होते. २०२४ साली त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांची ओळख झाली.

मात्र त्यांचे विद्यार्थी त्यांना विसरले नाहीत. बॅनर्जी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. जर्नेलसिंग यांनीही प्रशिक्षणाचे काम केले. हकीम आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले. दुबळ्या पायाचा सराव आधी करावा आणि जखमी साथीदाराला बाजूला न सारता त्याच्यासाठी नवी जागा शोधावी, हे धडे त्यांनी हैदराबादच्या या मास्तरांकडून घेतले होते. असे धडे फळ्यावर लिहून ठेवता येत नाहीत. ते विद्यार्थ्याच्या अंगी उतरावे लागतात.