मत्तय २५:३१-४६ आणि फादर अल्वारिस

आजचं वाचन मेंढरं-शेरडांचं. वाचताना मला गोव्याचे आंतोनिओ फ्रान्सिस्को झेवियर अल्वारिस आठवतात. जन्म १८३६, वेर्णा. रोमशी बिनसलं. १८८९ मध्ये कोट्टायमला ऑर्थोडॉक्स महागुरूंच्या हातून ते मार जूलियस झाले, गोवा, सिलोन आणि भारतातल्या स्वतंत्र कॅथोलिक मंडळीचे प्रमुख. मग बहिष्कार, अटक. अंगावरचा झगासुद्धा पोलिसांनी उतरवला.

पण खरे अल्वारिस पणजीत दिसतात. भिकारी, कुष्ठरोगी, सगळ्यांना ते जात-धर्म न विचारता जवळ करायचे. कॉलरावर त्यांनी पुस्तिका काढली. गरिबांचं पोट भरावं म्हणून कसावा लावायला सांगितला. (बिशपने शेतीचं सांगणं मला फार आवडतं!) पैसे संपले की हा महागुरू स्वतः रस्त्यावर हात पसरायचा. १९२३ मध्ये रायबंदरच्या हॉस्पिटलात ते वारले. अंत्यदर्शनाला गोरगरीब आणि कुष्ठरोगी लोटले होते.