परागंदा झालेली डचेस

मोठ्या घरच्या माणसांस विश्वासापायीं कांहीं सोसावें लागत नाहीं. घर, भाऊबंद व शेतवाडी सोडावी लागते ती आम्हां गरिबांसच, असें आमच्या मंडळ्यांतून पुष्कळदां ऐकूं येतें. ज्यांस असें वाटतें त्यांनीं पुढील हकीकत अवश्य वाचावी.

कॅथरीन विलोबी हिचा जन्म इ. स. १५१९ सालीं इंग्लंडांतील एका उमराव घराण्यांत झाला. तिची आई मारिया ही आठव्या हेन्री राजाच्या पहिल्या राणीची जिवलग सखी होती. १५२६ सालीं बाप वारला व सात वर्षांची ही पोर मोठ्या मिळकतीची वारस झाली. राजाचा मेहुणा सफकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन ह्यानें तिचें पालकत्व राजापासून विकत घेतलें. प्रथम आपल्या मुलाशीं तिचें लग्न लावावें असा त्याचा बेत होता. परंतु स्वतःची बायको वारल्यावर १५३३ सालीं त्यानें आपणच तिच्याशीं लग्न केलें. ती चौदा वर्षांची, तो पन्नाशीच्या सुमाराचा. अशा लग्नांत मुलीची मर्जी कोण पाहतो? पुढें तिच्या स्वतःच्या मुलासाठीं एका मोठ्या घरचें स्थळ आलें, तेव्हां मुलांनीं जाणतेपणीं आपल्या मनानें ठरवावें, असें तिनें कळविलें.

१५४५ सालीं ड्यूक वारला. कॅथरीन पार ह्या हेन्रीच्या शेवटच्या राणीच्या सहवासांत ती सुधारणेच्या पक्षास मिळाली. प्रसिद्ध उपदेशक लॅटिमर ह्यानें १५५२ सालीं तिच्या ग्रिम्सथॉर्प येथील वाड्यांत प्रभूच्या प्रार्थनेवर उपदेश केले. तिची जीभ मात्र तिखट होती. बिशप गार्डिनर सुधारणेचा विरोधी, म्हणून तिनें आपल्या कुत्र्यास त्याचें नांव ठेविलें होतें. हें आम्ही तिच्या गुणांत मोजीत नाहीं.

तिचे दोघे मुलगे केंब्रिज येथें शिकत होते. १५५१ च्या जुलैंत घामाच्या तापाची साथ आली व ते दोघेही एकाच दिवशीं मरण पावले. आपल्या सेसिल नांवाच्या स्नेह्यास तिनें लिहिलें कीं, हें शासनही मी देवाच्या उपकारांतच मोजितें. तरी मन अजून आवरत नाहीं, म्हणून इतक्यांत कोणी भेटीस येऊं नये. विश्वास असला म्हणजे आईचें अंतःकरण दगडाचें होतें असें नव्हे.

पुढें तिनें आपल्या घरचा कारभारी रिचर्ड बर्टी ह्याशीं लग्न केलें. १५५३ सालीं मेरी राणी तख्तावर बसली व तोच गार्डिनर मुख्य मंत्री झाला. रोमी उपासनेस मान लववावी, नाहींतर देश सोडावा, असा प्रसंग आला. नवरा आधींच परदेशीं गेला होता. १ जानेवारी १५५५ रोजीं पहांटेपूर्वीं ही डचेस तान्ही मुलगी व थोडे चाकर बरोबर घेऊन लंडनांतील वाड्यांतून निसटली. इतिहासकार फॉक्स सांगतो कीं, वेझेल नगरीं भर पावसांत त्यांस कोणी बिऱ्हाड देईना, म्हणून त्यांनीं चर्चच्या देवडींत आसरा घेतला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वेझेल येथें तिला मुलगा झाला. त्याचें नांव पेरेग्रीन, म्हणजे परदेशी, असें ठेविलें. त्याच महिन्यांत तिकडे ऑक्सफर्ड येथें लॅटिमरास जिवंत जाळलें.

वेझेलही सोडावें लागलें. पुढें पोलंडच्या सिगिस्मुंड राजानें त्यांस सामोगितिया प्रांताचा कारभार दिला. तो प्रांत आज लिथुएनिया देशांत आहे. मेरीच्या मरणानंतर १५५९ सालीं तीं स्वदेशीं परतलीं. बायबलाचा भाषांतरकार कव्हरडेल तिच्या घरीं उपदेशक झाला. १५८० सालीं ती वारली. स्पिल्सबी येथील चर्चमध्यें तिची कबर आहे.

वाड्यांत जन्मलेल्या ह्या बाईस एके रात्रीं चर्चची देवडी हेंच घर झालें. गांवानें वाळींत टाकिलेल्या आमच्या बंधुभगिनींनीं तिला आपल्याच बिऱ्हाडांतील एक समजावें. आणि कोणी निराश्रित आपल्या दारीं आला, तर वेझेलच्या त्या बंद दारांची आठवण ठेवावी.