मुंबईच्या डॉक्टरने सर्पगंधाची मुळी जगापुढे नेली आणि शास्त्रज्ञ मेंदूतली रसायनं मोजायला लागले

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी होतं ३००/१९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडेही बीपी खाली आणणारी भरवशाची गोळी नव्हती.

आज म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावातसुद्धा दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतात आणि हातात गोळी पडते. तेव्हा मात्र मीठ बंद, सक्तीचा आराम आणि फारच झालं तर नसा कापायचं ऑपरेशन, एवढेच उपाय होते.

हे चित्र बदलण्यात मुंबईच्या एका पारशी डॉक्टरचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

कोण होते डॉ. वकील?

त्यांचा जन्म १९११ सालचा. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनला झालं. मनात आणलं असतं तर तिकडेच प्रॅक्टिस करता आली असती, पण ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये पेशंट बघू लागले. हृदयरोग हा वेगळा विषय आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी मानत नव्हतं, तेव्हापासून ते त्यात होते.

बीपीचे पेशंट रोज समोर यायचे आणि द्यायला औषध नव्हतं. अशा वेळी त्यांचं लक्ष गेलं सर्पगंधाकडे.

सर्पगंधा म्हणजे गुडघाभर वाढणारं झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या जंगलापर्यंत सापडतं. साप चावला, झोप येईना, डोकं फिरलं की याची मुळी उगाळून द्यायची पद्धत जुनीच. बिहारकडे तर याला पागल की दवा म्हणूनच ओळखायचे. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी दिल्लीत या मुळीतले घटक वेगळे केले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी बीपी आणि मानसिक आजार दोन्हींवर चालते, असं लिहिलं.

म्हणजे औषध आपल्याकडे माहीत होतं. पण बाहेरचं जग त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

वकिलांनी काय केलं, तर मोजलं. बीपीचे ५० पेशंट घेतले, सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या, आधीचे आणि नंतरचे आकडे नोंदवले. १९४९ मध्ये हा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्या आतच होतं.

यानंतर चक्रं फिरली. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या पेशंटवर वापरून बघितलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. त्याचं नाव रेसर्पिन. १९५४ पर्यंत नेथन क्लाइन यांनी अमेरिकेत मनोरुग्णांना ते देऊन बघितलं होतं. १९५७ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला आणि १९५८ मध्ये पद्मभूषण.

मग मेंदूचा संबंध कुठून आला?

रेसर्पिनने बीपी उतरायचं, पण काही पेशंट उदास व्हायचे. काहींचे हात थरथरायचे, अंग ताठ व्हायचं, अगदी कंपवातासारखं. बीपीची गोळी डोक्यात नेमकं करते काय, हा प्रश्न उभा राहिला.

आपल्या मेंदूतल्या पेशी डोपामाइन, सेरोटोनिन अशी रसायनं छोट्या छोट्या पिशव्यांत साठवतात आणि लागतील तशी सोडतात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. साठा रिकामा होतो.

हे कळलं ते मोजल्यामुळेच. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पिनने सेरोटोनिन घटतं हे दिसलं. तिथे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे जागचे हलेनात. मग डोपा नावाचं रसायन टोचलं आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. डोपामाइन हालचालीसाठी लागतं, याचा धागा इथे सापडला. १९६० मध्ये व्हिएन्नाचे ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. त्यांत डोपामाइन फारच कमी होतं. कंपवातावर आजही जे औषध देतात, ते लेवोडोपा, याच शोधातून आलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पण एक अडचण होती

हे सगळं मोजमाप मेलेल्या मेंदूचं होतं. जिवंत मेंदूत रसायन क्षणाक्षणाला वरखाली होतं, ते कसं पकडायचं?

उत्तर विजेत सापडलं. डोपामाइनला ठरावीक दाबाची वीज दिली की त्याचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. रेणू जितके जास्त, तितका करंट जास्त. १९७३ मध्ये कॅन्ससच्या राल्फ अ‍ॅडम्स यांच्या टीमने उंदराच्या मेंदूत कार्बनचा बारीक इलेक्ट्रोड घालून असं मोजून दाखवलं. पुढे केसाहून बारीक कार्बनचा धागा वापरात आला आणि सेकंदाला दहा वेळा मोजता येऊ लागलं.

माणसाच्या मेंदूत केवळ प्रयोगासाठी सुई घालता येत नाही. पण कंपवाताच्या काही पेशंटवर डीबीएस नावाचं ऑपरेशन होतं. त्यात पेशंट जागा असतो आणि मेंदूत तार घालायचीच असते. २०११ मध्ये अमेरिकेत एका पेशंटच्या संमतीने त्याच वेळी डोपामाइन मोजलं गेलं. २०१६ मध्ये १७ पेशंटचा अभ्यास आला. ते पैसे गुंतवण्याचा एक खेळ खेळत होते आणि त्यांच्या मेंदूतलं डोपामाइन सेकंदापेक्षा कमी वेळात बदलताना दिसत होतं.

हे तंत्र अजून संशोधनापुरतंच आहे. दंडाच्या पट्ट्यासारखं मेंदूसाठी काही निघालेलं नाही.

शेवटची वर्षं

डॉ. वकील सर्पगंधावर थांबले नाहीत. हार्ट अटॅकच्या आधी येणाऱ्या धोक्याच्या लक्षणांवर त्यांनी संशोधन केलं, विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं लिहिली. १९६५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९७४ मध्ये ते गेले.

त्यांच्या औषधाची जागा आता कमी त्रासाच्या गोळ्यांनी घेतली आहे. जगभरातून मागणी आल्यावर सर्पगंधा इतकी उपटली गेली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आणि हो, जंगलात सर्पगंधा दिसलीच तर मुळी उपटून खायला जाऊ नका. ती मेंदूपर्यंत पोचते, एवढं तर आता कळलंच असेल.