नीनो रोटा

लहानपणीं चमकणारी बुद्धि पुढें आळसानें मंदावते, असें आम्ही पुष्कळदां पाहतों. इटालियन संगीतकार नीनो रोटा यांचें चरित्र मात्र निराळें आहे. मिलान शहरीं १९११ सालीं जन्मलेल्या या मुलानें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बालपणावर संगीतरचना केली, आणि १९२३ सालीं, वयाचीं बारा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ती लोकांपुढें सादर झाली. तथापि कौतुकानें न फुगतां त्यांनीं अध्ययन चालूच ठेविलें. १९३० ते १९३२ पर्यंत ते अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें शिकले.

पुढें दीडशेंहून अधिक चित्रपटांस त्यांनीं संगीत दिलें. 'गॉडफादर' चित्रपटांतील एक चाल त्यांनीं पूर्वीं आपल्याच १९५८ सालच्या चित्रपटांत योजिली होती, म्हणून १९७३ सालीं ऑस्कर पारितोषिकासाठीं निवडलेलें त्यांचें नांव वगळण्यांत आलें. १९७५ सालीं त्याच कथेच्या दुसऱ्या भागाच्या संगीतास तें पारितोषिक मिळालें. कार्माइन कोपोला त्यांत त्यांचे सहभागी होते.

अवहेलना झाली, सन्मानहि झाला. परंतु बारी येथील संगीतविद्यालयाचें संचालकपद त्यांनीं १९५० पासून १९७७ पर्यंत सांभाळिलें. १० एप्रिल १९७९ रोजीं रोम येथें ते निवर्तले. कीर्तीच्या शिखरावरहि विद्यालयाची पायरी न विसरणाऱ्या या पुरुषाचें चरित्र आम्हां विद्यार्थ्यांस सदैव मननीय वाटतें.