हाडांच्या ढिगापाशी गेलेले हकीम : अब्दुल लतीफ अल-बगदादी

इब्न सिना, अल-राझी, अल-झहरावी ही नावं आपल्या वाचकांना तोंडपाठ आहेत. अब्दुल लतीफ अल-बगदादी यांचं नाव मात्र आपल्याकडच्या मराठी घरांत फारसं कुणी घेत नाही. खरं तर घरात कुणी नीटची तयारी करत असेल किंवा लॅपटॉपवर माणसांचे थ्रीडी पुतळे घडवत असेल, तर या हकीमसाहेबांची ओळख व्हायलाच हवी.

त्यांचा जन्म ११६२ चा, बगदादमधला. घर इल्मवाल्यांचं. लहानपणी कुरआन हिफ्ज, मग हदीस, फिकह आणि अरबी व्याकरण. पाठांतर दांडगं होतं. तरुणपणी ते इब्न सिनाच्या ग्रंथांनी भारावून गेले, किमयेच्या नादालाही लागले. पुढे दोन्हींतून बाहेर पडले आणि किमया म्हणजे निव्वळ फसवणूक, असं बेधडक सांगू लागले. ११८९ मध्ये त्यांनी बगदाद सोडलं. मोसुल, दमास्कस करत ते जेरुसलेमला पोहोचले, तेव्हा सुलतान सलाहुद्दीन अय्युबी शहराच्या तटबंदीचं काम करवून घेत होते आणि स्वतःही खांद्यावरून दगड वाहत होते. रात्री त्यांच्याकडे आलिमांची मैफल भरायची. सुलतानांनी या बगदादी विद्वानाला महिना ३० दिनार वजिफा बांधून दिला.

पुढे कैरोत त्यांचा दिवस असा जायचा : सकाळी अल-अझहरमध्ये शिकवणं, दुपारी तिब्बचे विद्यार्थी, संध्याकाळी पुन्हा अल-अझहर आणि रात्री स्वतःचा अभ्यास.

इजिप्तमध्ये त्यांनी अबुल हौल, म्हणजे गिझाचा स्फिंक्स पाहिला. तेव्हा त्याचं नाक शाबूत होतं. इथे पाहिलेल्यांत सगळ्यात नवल कशाचं, असं त्यांना कुणी विचारलं. उत्तर पिरॅमिड असेल असंच कुणालाही वाटेल. त्यांनी सांगितलं, अबुल हौलच्या चेहऱ्याचं प्रमाण. लहान मुलाच्या चेहऱ्याला मुलाचंच नाक शोभतं, तिथे मोठ्या माणसाचं नाक लावलं तर चेहरा बिघडतो. मग एवढ्या अवाढव्य चेहऱ्याचा नमुना निसर्गात कुठेच नसताना कारागिराने नाक, डोळे, कान यांचा मेळ राखला कसा? चित्रकलेच्या वर्गात पहिल्या वर्षी मुलं ज्या प्रश्नाशी झटतात, तो हाच. मेम्फिसच्या अवशेषांतले पुतळेही त्यांनी मोजमाप घेऊन पाहिले.

पुतळ्यांची अशी तारीफ ऐकून कुणी भुवया उंचावेल. पण हदीस शिकलेल्या या आलिमाचं मत स्वच्छ होतं : अशा जुन्या वास्तू पाडू नयेत, कारण त्या इतिहासाच्या खुणा आहेत आणि कुरआनमध्ये आलेल्या जुन्या कौमांची साक्ष देतात. सलाहुद्दीन यांच्याच मुलाने धाकटा पिरॅमिड पाडायला माणसं लावली होती. आठ महिने खपूनही थोडेच दगड निघाले. हेही त्यांनी लिहून ठेवलं, कुणाची भीड न ठेवता.

मग १२०० साल उजाडलं. नाईलला चांगला पूर म्हणजे १६ हात पाणी. त्या वर्षी ते १३ हातांपर्यंतही चढलं नाही. दुष्काळ पडला, मागोमाग साथ आली. माणसांनी माणसं खाल्ली, तेही त्यांनी लिहिलंय. ती पानं आम्हाला एका बैठकीत वाचवली नाहीत. प्रेतांना दफन करायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत ते विद्यार्थ्यांना गॅलेनचा शरीररचनेवरचा ग्रंथ शिकवत होते. नुसत्या शब्दांवरून मुलांना हाडं-सांधे उमगत नव्हते. अल-मक्स इथे सांगाड्यांचा डोंगरच पडलाय असं कळलं, तेव्हा सगळे तिकडे गेले. गॅलेन म्हणजे तिब्बमधला शेवटचा शब्द, हजार वर्षं कुणी सहसा बोट ठेवलं नव्हतं. त्याच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा, हनुवटीपाशी जोडलेला. इथे जबडे हातात घेऊन पाहिले तर सांधा कुठेच नाही! त्यांनी दुसरा पाहिला, दहावा पाहिला, इतरांनाही तपासायला लावलं. अशा २००० हून जास्त कवट्या पाहिल्या, तरी हाड एकच. पुढे जुन्या कबरींतल्या हाडांतही तेच दिसलं. गॅलेनबद्दलचा आदर राखूनच त्यांनी लिहिलं की, डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दाहून जास्त भरवशाची आहे.

गॅलेनची बाजूही सांगायला हवी. त्याची चिरफाड मुख्यतः जनावरांवर झालेली, आणि कुत्र्या-गुरांच्या जबड्यात हनुवटीचा तो जोड राहतोच. माणसाच्या बाळातही जन्मताना जबड्याचे दोन भाग असतात, वर्षभरात ते जुळतात. युरोपात व्हेसॅलियसचा ग्रंथ आला १५४३ मध्ये, म्हणजे अल-मक्सनंतर सुमारे ३४० वर्षांनी.

दुःख एवढंच की त्यांचं हे निरीक्षण इजिप्तच्या वर्णनाच्या पुस्तकात, दुष्काळाच्या प्रकरणात राहिलं. तिब्ब शिकणाऱ्यांच्या हाती ते फारसं पडलंच नाही. त्या पुस्तकाचं हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १८०० मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं, १८१० मध्ये फ्रेंच.

पुढची वर्षं दमास्कस, हलब आणि अनातोलियातल्या एर्झिंजानमध्ये शिकवण्यात गेली. १२३१ मध्ये हजला निघालेले हकीमसाहेब वाटेत बगदादला थांबले. खलिफांना आपली काही पुस्तकं नजर करायची होती. घर सोडून चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. तिथेच ते आजारी पडले, हज राहून गेली आणि त्यांना वडिलांच्या कबरीजवळ दफन करण्यात आलं.