पाठचे भावंड आणि एक डॉक्टरीणबाई

घरात पाठचे भावंड येणार असले, की आधीचे मूल किरकिरे होते, वाळू लागते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना हे कुणी शिकवावे लागत नाही. हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयाही हे ओळखून होत्या. तिथे ते दुखणे मुलांचे प्राण घेई आणि त्याला त्यांनी नावही दिले होते. ते नाव वैद्यकाच्या पुस्तकात नेऊन ठेवले डॉ. सिसिली विल्यम्स यांनी.

बाईंचा जन्म १८९३ सालचा, जमैका बेटावरचा. पहिल्या महायुद्धात मुलगे आघाडीवर गेले, म्हणून ऑक्सफर्डमध्ये वैद्यकाच्या वर्गात मुलींना जागा मिळाली. त्यांतल्याच या एक. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घाना देशात, रुजू झाल्या. काम पुरुष डॉक्टरांइतकेच, पगार मात्र कमी.

अक्रा शहरातल्या मुलांच्या इस्पितळात त्यांच्यापुढे एकाच तऱ्हेची मुले येऊ लागली. वय एक ते चार वर्षे. पाय सुजलेले, केस तांबूस, कातडीचे पोपडे निघालेले. बरीचशी दगावत. बाईंनी पुस्तके चाळली, आणि मग एक साधी गोष्ट केली. त्यांनी आयांनाच विचारले. गा भाषेत या दुखण्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पुढचे मूल जन्मले की आधीच्याला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ.

बाईंच्या हाती धागा लागला. नवे बाळ आले की आधीच्याचे अंगावरचे दूध तुटते आणि ते मक्याच्या पेजेवर राहते. पोट भरते, अंगी मात्र काही लागत नाही. दगावलेल्या मुलांची शवविच्छेदने त्यांनी स्वतः केली आणि १९३३ साली शोधनिबंध लिहिला. तज्ज्ञांनी हा जुनाच पेलाग्रा असल्याचे सांगून तो उडवून लावला. बाई हटल्या नाहीत. १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, ते आयांनी दिलेले नाव घेऊनच. या आजाराचे कारण केवळ प्रथिनांची कमतरता इतके सरळ नाही, हे पुढे कळले. पण तो वेगळा आजार आहे, हे बाईंचे म्हणणे टिकले.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. छापील रकान्यात न बसणारी नोंद शेजारच्या रकान्यात कोंबून मोकळे होण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. बाईंनी तो टाळला, म्हणून त्यांचे मोल मला अधिक वाटते.

वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९३६ साली त्यांची बदली मलायात झाली. तिथे निराळेच संकट होते. परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना डब्यातले गोड, आटवलेले दूध बाळाला पाजायला सांगत. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात बाईंनी भाषण केले. त्याचे शीर्षकच होते ‘दूध आणि खून’. अशा प्रचारापायी होणारे बालमृत्यू खुनात मोजावेत, असे त्यांनी प्रतिष्ठितांना तोंडावर सुनावले.

१९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि बाई चांगीच्या तुरुंगात गेल्या. उपासमार झाली, लष्करी पोलिसांच्या कोठडीतले हाल सोसले. त्या बंदिवासात वीस बाळे जन्मली, सारी अंगावर पाजली गेली आणि सारी जगली, असे त्या पुढे सांगत.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. उपचार एका दारात आणि आजार टाळण्याची शिकवण दुसऱ्या दारात, ही फारकत त्यांना मान्य नव्हती. दोन्ही कामे एकाच ठिकाणी, आईला बरोबर घेऊन व्हावीत, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळांच्या डबाबंद दुधाच्या प्रचाराला आळा घालणारी संहिता केली. जुलै १९९२ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी बाई गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडेही अशा दुधाच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला.

आजही अंगणवाडीत वजनकाट्यावर सुकलेले मूल येते. काट्याचा आकडा जरूर लिहून घ्यावा. पण त्याआधी आईला जवळ बसवून, पाठचे भावंड कधी झाले आणि तेव्हापासून हे मूल काय खाते, एवढे विचारावे.