विनोबांची पायपीट आणि रोजच्या वापराचा बूट

बडोद्यात शिकणारा विनायक भावे उन्हाळ्याच्या भर दुपारीही अनवाणी हिंडत असे. चपलेला पैसे नव्हते म्हणून नव्हे. वडील नोकरीत होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. ब्रह्मचाऱ्याने पादत्राण घालू नये, छत्री घेऊ नये, गादीवर झोपू नये, असा मनूचा नियम या मुलाने वाचला होता आणि वाचले की आचरणात आणायचे, असा त्याचा स्वभाव होता. पुढे विनोबा म्हणून जगाला माहीत झाल्यावर त्यांनी स्वतःच या हट्टाचा हिशेब मांडला. गादी सोडल्याने काही बिघडले नाही, पण तापलेल्या रस्त्यांवर अनवाणी फिरल्याने डोळ्यांचे नुकसान झाले, असे त्यांचे मत झाले. मनूच्या काळचे विद्यार्थी झाडांच्या सावलीतल्या आश्रमात राहत असतील. तो नियम शहरातल्या सडकेला लावायला नको होता, हे त्यांच्या लक्षात आले.

तळपाय भाजल्याने दृष्टी जाते, असे आजचे वैद्यकशास्त्र मानत नाही. पादत्राण डोळ्यांना हितकर असते, असे चरकसंहितेत मात्र म्हटले आहे आणि विनोबांच्या पिढीला हा समज परिचित होता. डोळ्यांचे बाजूला ठेवू. त्यांच्या हिशेबातला दुसरा भाग आजही शंभर टक्के खरा आहे. पायात काय घालायचे, हे ज्या जमिनीवर चालायचे तिच्यावरून ठरते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, अशा माणसांचे पाय याच दिवसांत भाजतात आणि त्यांना ते घरी गेल्यावर कळते.

वर्धेकरांना विनोबांची आठवण होते ती भूदानासाठी किंवा पवनारच्या आश्रमासाठी. पण व्यायामाच्या दृष्टीने पाहिले तर चालण्याचा इतका दीर्घ आणि इतका नियमित नमुना आपल्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सकाळी सेवाग्राम किंवा पवनारच्या रस्त्यावर पळणारी मंडळी आता वाढली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांतला प्रत्येक नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बुटाचा: कोणता घेऊ, किती हजारांचा घेऊ? हा प्रश्न विनोबांच्या आयुष्यावरून पाहिला, तर तो जरा वेगळा दिसू लागतो.

जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. १९१६ मध्ये परीक्षेला म्हणून मुंबईकडे निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून त्याच वर्षी अहमदाबादला गांधीजींकडे आला. लगेच प्रकृती ढासळली. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईला गेले. अभ्यास हा एक हेतू होता, तब्येत सुधारणे हा दुसरा. त्या वर्षाचा वृत्तांत त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला, त्यात व्यायामाचाही हिशेब आहे. सुरुवातीला रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर धान्य दळणे, पुढे तीनशे सूर्यनमस्कार आणि फिरणे. शिवाय गावोगाव आणि गडकिल्ल्यांवर मिळून चारशे मैलांची पायी भ्रमंती. आज प्रशिक्षक धावपटूला सांगतात की फक्त पळू नकोस, हात-पाठ-कमरेचाही व्यायाम कर. जात्यावर बसणारा माणूस ते आपोआप करत होता. पळताना गुडघा दुखतो तेव्हा दोष पुष्कळदा बुटाचा नसतो; मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कच्चे असतात आणि गुडघ्याला एकट्याने भार सोसावा लागतो.

८ एप्रिल १९२१ रोजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याला आले आणि इथलेच झाले. पुढे नालवाडीत राहून सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी केला. त्याच नालवाडीत चर्मालय होते. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावून त्याच्या चपला आणि इतर वस्तू तिथे तयार होत, आणि गोपाळराव वाळुंजकर हे काम पाहत. पायात घालायची वस्तू कशाची आहे, ती कोणी आणि कशी केली, हा विचार वर्ध्यात त्या काळी होत होता. इकडे विनोबांचे शरीर मात्र खंगत गेले. तासन्‌तास बसून कताई आणि मजुरीत भागेल तेवढेच खाणे. १९३८ मध्ये वजन उरले अवघे ८८ पौंड, म्हणजे ४० किलो.

आता जे झाले ते प्रत्येक नव्या धावपटूने समजून घेण्यासारखे आहे. दूर कुठे हवापालटाला न जाता विनोबा धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले. मनातली सगळी कामे सोडून दिली आणि कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी खणले फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. असे करत करत ते रोज दोन तासांपर्यंत पोचले. आहार सुधारला, झोप सुधारली आणि सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो झाले. इतके वजन घटलेल्या माणसाने आज कुदळ नव्हे, आधी रुग्णालय गाठावे. क्षय, मधुमेह, थायरॉइड यांच्या तपासण्या व्हायलाच हव्यात. पण पाच मिनिटांपासून सुरुवात करण्याची ती रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

कारण असे, की व्यायाम सुरू केल्यावर दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडर आणि स्वतः हाडे यांना महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटते की आपण आता आठ-दहा किलोमीटर सहज पळू, आणि दमाच्या हिशेबाने तो पळतोही. नडगीचे हाड मात्र त्याला तयार नसते. मग नडगी दुखते, टाच ठणकते, क्वचित हाडाला बारीक चीर जाते. शनिवारी सात हजारांचे बूट घ्यायचे आणि रविवारी दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचे, या प्रकारात बुटाचा काही इलाज चालत नाही.

पुढचा काळ तुरुंगवासाचा आणि ग्रामसेवेचा. १९४० मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. स्वातंत्र्याच्या आगेमागे खांद्यावर फावडे घेऊन ते पवनारहून सुरगावला भंगीकामासाठी रोज पायी जात, ऊनपावसात खंड न पाडता. रोज एकाच वेळी, बेताच्या अंतराचे चालणे: मोठ्या पल्ल्याची तयारी अशीच होते, मग करणाऱ्याच्या मनात ती असो वा नसो.

मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा पवनारहून निघाले ते पायीच. अंतर सुमारे तीनशे मैल, वय ५५, पोटात अल्सर, आहार मुख्यतः दूध-दह्याचा. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पवनार ते दिल्ली, जवळजवळ आठशे मैल. तिथून सुरू झालेली पदयात्रा १० एप्रिल १९६४ ला पवनारला परत आल्यावर संपली. तेरा वर्षे बहुतेक रोज पहाटे अंधारात निघायचे, दहा-बारा मैल चालायचे, ऊन चढण्याआधी पुढचे गाव गाठायचे आणि उरलेला दिवस लोकांशी बोलायचे, असा क्रम होता. उन्हाचा हा अंदाज बडोद्याच्या अनवाणी मुलाला नव्हता.

या यात्रेतल्या छायाचित्रांत त्यांच्या पायात अनेकदा साधे कॅनव्हासचे बूट दिसतात. वर सुती कापड, खाली पातळ रबरी सोल, पुढे नाडी. शाळेच्या पीटीच्या तासाला घालत तसल्या जातीचे. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर हा बूट वाईट नव्हता. हलका, कोणत्याही बाजारात मिळणारा, धुतला की उन्हात वाळणारा. काटा आणि खडा अडवणारा आणि पावसाळी मातीतून तळपायात शिरणाऱ्या हुकवर्मच्या अळीला दूर ठेवणारा. पातळ सोलमुळे पायाला जमीन कळते, चाल सावध राहते. उणेही आहेत. टाचेखाली गादी जवळजवळ नाही, आणि पावसात कापड भिजून राहिले तर बोटांच्या बेचक्यात बुरशी येते.

मग आजच्या धावपटूने हाच बूट घ्यावा का? नाही. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि पायावर शरीराच्या वजनाहून थोडाच जास्त भार येतो. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. विनोबा सडपातळ होते, जन्मभराचे चालणारे होते आणि त्यांच्या वाटेवर मातीच जास्त होती. चाळिशीत पळायला लागलेला, ऐंशी किलो वजनाचा, सिमेंटच्या रस्त्यावर धावणारा माणूस हा वेगळा प्राणी आहे. त्याला टाचेखाली मऊ फोम असलेला, रोजच्या सरावासाठी केलेला साधा रनिंग शू हवा. शर्यतीसाठीचे कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट त्याच्या कामाचे नाहीत.

दुकानात पायाचा ठसा घेऊन किंवा मशीनवर पळवून पाय आत वळतो असे सांगतात आणि त्यासाठी खास बूट सुचवतात. या सल्ल्याला वाटते तेवढा आधार नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिले, तेव्हा पाय मध्यम प्रमाणात आत वळणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्याचे आढळले नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मधल्या कॉक्रेन आढाव्यातही पायाचा प्रकार पाहून बूट दिल्याने दुखापती कमी होतात याचा ठोस पुरावा मिळाला नाही. उरते ती जुनीच कसोटी: घातल्यावर आरामशीर वाटतो का? कॅनडातले संशोधक बेनो निग यांनी याच कसोटीला पुढे आणले. पाय आपल्याला सोयीची हालचाल स्वतः निवडतो आणि आरामदायी बूट त्या हालचालीच्या आड येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

तेव्हा बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, पळतानाही फुगतो. नेहमीचे मोजे घालूनच तो पायात चढवावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच मागे धरलेली हवी, पुढे चवड्याला बोटे पसरायला वाव हवा; आपल्याकडे लहानपणापासून चपलेत वाढलेले पाय चवड्यात रुंद असतात आणि अरुंद बूट त्यांना आवळतो. बूट हातात घेऊन वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे. दुकानातच चार पावले पळून पाहावे. आत्ता चावतो पण पुढे सैल होईल, हे दुकानदाराचे आश्वासन ऐकू नये. घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस कमी अंतर पळावे आणि घट्टे, फोड, नखाखालचे काळेपण यांवर लक्ष ठेवावे.

बूट किती टिकतो, यालाही हिशेब आहे. रोजच्या सरावाचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. मग वरून धड दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. रोज दहा मैल, म्हणजे १६ किलोमीटर चालणाऱ्या विनोबांच्या वेगाने ८०० किलोमीटर पन्नास दिवसांत संपतात. आठवड्याला २० किलोमीटर पळणाऱ्याला तोच जोड नऊ महिने पुरेल. पावसाळ्यात जमले तर दोन जोड ठेवावेत आणि ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलीत वाळवावा.

पदयात्रेत आजार चुकले नाहीत. १९५२ च्या अखेरीस चांडिल इथे जोरदार मलेरिया झाला. औषध नको म्हणणाऱ्या विनोबांनी लोकांचा आग्रह वाढल्यावर ते घेतले, आणि ते घेतले हे बरेच झाले. मलेरिया मनोबलाने जात नाही. त्यातून उठून ते पुन्हा चालू लागले आणि पुढची अकरा वर्षे चालत राहिले. पवनारला परतले तेव्हा वय ६८ होते. नंतर काही काळ बिहारमध्ये मोटारीने फिरले. १९७० पासून पवनारच्या बाहेर न जाण्याचे ठरवून तिथेच राहिले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न-औषध सोडून, धामच्या काठी त्यांनी देह ठेवला. वय ८७ होते.

आश्रम असो वा देऊळ, चप्पल बाहेर काढावीच लागते. मधुमेह असलेल्यांनी उन्हाळ्यात अशा ठिकाणी तापलेल्या फरशीवर जाताना जाड सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावेत.